निर्मलाकाकूंच्या मक्याच्या लाह्या

लाह्या फोडताना निर्मलाकाकू कढईवर झाकण कधीच ठेवत नसत. नालवाडीतल्या त्यांच्या अंगणात विटांची चूल होती. तिच्यावर काळी लोखंडी कढई, कढईत नदीची धुतलेली रेती, आणि रेती तापली की मूठभर मक्याचे दाणे. लाह्या अंगणभर उडत; एखादी कुंपण ओलांडून माझ्या वाळत घातलेल्या पापडांत येऊन पडे. मी तक्रार केली की म्हणत, “लाही हाये बाई, तिले उडू द्या.” मी शाळेत शिकवते म्हणून ‘बाई’; खरं तर त्या माझ्या आईच्या वयाच्या. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. शेजार सुना झाला, दुसरं काय!

जीभ मोठी फटकळ. माझ्या मुलीनं एकदा पिशवीतलं पॉपकॉर्न त्यांच्यापुढं धरलं, तर दोन दाणे चघळून म्हणाल्या, “लोणी लावलेला कापूस हाये हा.” बाजारात मक्याचा दाणा दाताखाली धरून दुकानदाराला सुनावत, “ओला हाये. याच्या लाह्या नाई, घुगऱ्या होतीन.”

अशा बाईच्या घरी काकांना लकवा झाला. काका कचेरीतले निवृत्त कारकून, दिवसभर बोलणारा माणूस. वाचा गेली, चेहरा एका बाजूला ओघळला. मुलगा पुण्याहून आला, दवाखाने झाले, परत गेला. काकू काकांची खाट पडवीत, अंगणाकडं तोंड करून ठेवत.

नागपंचमीला त्या लाह्या फोडत होत्या, मी पडवीच्या पायरीवर बसले होते. एक लाही उडून काकूंच्या अंबाड्यात अडकली. काकू आपल्या झारा हलवण्यात गुंग. आणि काका हसले. आवाज नाही, पण ओठ हलले, डोळे बारीक झाले. मी म्हटलं, “काकू, काका हसले!” त्या वळेपर्यंत चेहरा पुन्हा दगडासारखा.

त्या दिवसापासून जवळजवळ रोज संध्याकाळी लाह्या. खाणार कोण? गल्लीतली पोरं कंटाळली, गाईसुद्धा तोंड फिरवू लागल्या. काकू मात्र कढईपुढं बसत, काकांकडं पाठ करून. लाहीबरोबर तापलेली रेतीही उडते, ती काकांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मध्ये त्या स्वतः. आणि नजर जरा हलली की दाणे करपणार. म्हणून मला बसवत. “तुम्ही त्यायच्याकडं पाहा बाई, हसले का मले सांगजा.”

काका कधी हसत, कधी नाही. मी सांगे. काकू न वळता विचारत, “कसे? पहिलेसारखे?” मी एकदा मोबाइलवर चित्रण केलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मोबाइल मला परत दिला. “यात तं तोंड वाकडंच दिसून राह्यलं.” मी म्हटलं, “झारा माझ्याकडं द्या, तुम्ही बघा.” ते त्यांना पटेना. “माह्या हातच्या लाह्याले हसतेत ते. तुमच्या हातानं नाई हसले तं?”

थंडीत काकांचं खाणं सुटलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. त्या संध्याकाळी काकूंनी चूल पेटवली, दाणे टाकले, आणि झारा माझ्या हातात दिला. “आज तुम्ही हलवा बाई.” त्या उठून खाटेशी जाऊन बसल्या.

मला ते काम कुठलं जमायला! दाणे फुटू लागले, रेती मनगटावर बसली, निम्मे करपले. मागं वळून पाहायची सोय नव्हती. कान तेवढे मागं लागले होते, पण ऐकू काहीच येईना. लाह्या थांबल्या तशी कढई उतरवून मी वळले. काकांना झोप लागली होती. काकूंचा हात त्यांच्या कपाळावर होता.

“हसले?” मी विचारलं.

“नाई.” त्या म्हणाल्या, “लाह्यायकडं पाह्यलंच नाई त्यायनं. माह्या तोंडाकडंच पाहून राह्यले होते, झोप लागेपर्यंत.”

मग पदरानं काकांची हनुवटी पुसत म्हणाल्या, “इतके दिवस मी काऊन पाठ करून बसली, बाई?”

मला रडू आवरेना. काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, पण जेवढे राहिले तेवढे दिवस त्यांच्या घरी चूल पेटली नाही. डबा मी देत असे. काकू खाटेवर, त्यांच्याकडं तोंड करून बसलेल्या असत.