एका गुणाचा कायदा

मोटारींच्या शर्यतीचा कायदा त्या काळी जगात दोघांनाच पुरता कळत होता. एक पॅरिसचं मंडळ, जे तो कायदा करायचं, आणि दुसरे आमच्या येडशीचे मिस्त्रीचाचा. त्यातही पॅरिसवाल्यांना तो खरंच कळतो का, याबद्दल चाचांना दाट शंका होती. बरं, शर्यतीची मोटार त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. स्टेशनाजवळ पत्र्याच्या शेडात त्यांचा कारखाना. गिऱ्हाईक म्हणजे कळंबच्या अडत्यांच्या दोन जुनाट लॉऱ्या आणि एक जीप, जी ढकलत यायची आणि बहुतेकदा ढकलतच जायची. पण सोलापूरला सामान आणायला गेले की चाचा तिथल्या रद्दीवाल्याकडून विलायती मोटारींची मासिकं घेऊन येत. सहा-आठ महिन्यांची शिळी, कडा उंदरांनी खाल्लेली. चाचांना इंग्रजीचा गंध नव्हता. मी गावच्या शाळेत मास्तर. तेव्हा शाळा सुटल्यावर ती मासिकं वाचून मराठीत सांगायची, हा माझा रोजचा जादा तास होऊन बसला होता.

मला आधी वाटलं, हा माणूस कोण जिंकलं ते विचारील. छे! जिंकण्या-हरण्यात चाचांना काडीचा रस नव्हता. "ते ऱ्हाऊ द्या मास्तर, कायदा काय बदलला ते वाचा." पहिल्याला आठ गुण, दुसऱ्याला सहा, मग चार, तीन, दोन, आणि ज्याची एखादी फेरी सगळ्यांत वेगवान, त्याला एक गुण जास्तीचा. शिवाय वर्षभरातले चांगले तेवढे गुण धरायचे आणि वाईट सोडून द्यायचे. हे कलम त्यांना इतकं पटलं की त्यांनी ते घरातच लागू केलं. आमटी खारट झाली म्हणून चाची वरमली की चाचा म्हणत, "फिकीर नको. हप्त्यातल्या वाईट दोन भाज्या मोजायच्या न्हाईत." त्यावर चाचीनं एकदा विचारलं, "मग चांगल्या पाच कवा मोजल्या तुमी?" मलाही त्यांनी सुचवून पाहिलं, की पोरांचे वाईट दोन पेपर सोडून देत जा. माझ्या वर्गात तसं केलं असतं तर निम्म्या पोरांचा एकही पेपर शिल्लक उरला नसता. पुढं एका वर्षी शर्यतीच्या मोटारींची इंजिनं लहान करायचा हुकूम निघाला, तेव्हा चाचांनी दिवसभर शेडाचं दार उघडलं नाही. जीपवाला बाहेर हॉर्न वाजवून वाजवून दमला. त्या जीपमध्ये तेवढा हॉर्नच धड होता.

पण त्यांचा खरा राग त्या जादा एका गुणावर. "एक फेरी जोरात मारली आन् मग दम टाकला, त्याचं काय कवतिक? सगळ्या फेऱ्या पळणाऱ्यानं काय घोडं मारलं?" शेवटी त्यांनी मला पत्रच लिहायला लावलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, खाली त्यांनी उर्दूत सही ठोकली, शेजारी ग्रीसचा अंगठा आपोआप उमटला, आणि 'मोटार शर्यतीचे मोठे साहेब, पॅरिस' एवढ्या पत्त्यावर ते रवाना झालं. उत्तर अर्थातच आलं नाही.

आता स्टेशनापुढच्या टांग्यांचं सांगतो. सकाळच्या गाडीला तिथं सहा टांगे उभे असत. एस.टी. सुरू झाल्यापासून गाडीनं येणारी माणसं बेताचीच. पहिला टांगा भरायचा, दुसऱ्याला नशिबानं एखादी म्हातारी मिळायची, बाकीच्यांनी माश्या मारायच्या. त्यामुळं पहिलं कुणी उभं राहायचं यावरून रोज सकाळी चाबूक उगारले जात. चाचांनी तोडगा काढला. लागोपाठ तीन रविवार शर्यत. स्टेशनापासून ओढ्यापर्यंत जाऊन यायचं, असं तीनदा. गुण पॅरिसच्या कायद्यानं, जादा गुणासकट. शर्यती तीनच, म्हणून वाईट सोडून द्यायचं कलम तेवढं लावता येत नव्हतं. तो जादा गुण त्यांना स्वतःला मान्य नव्हता, पण कायदा तो कायदा. ज्याचे गुण जास्त, त्याचा टांगा वर्षभर पहिला, बाकीचे गुणांप्रमाणं त्याच्या मागं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण चाचांशी वाद घालण्यापेक्षा घोडा पळवणं सोपं होतं.

त्या टांगेवाल्यांत चाचांचा धाकटा भाऊ करीम होता. त्याची घोडी म्हातारी झालेली. पुढच्या साली ती शर्यतीत पळणार नाही, हे आंधळ्यालाही दिसत होतं. घरात पाच लेकरं. पहिला नंबर मिळाला तर वर्ष निभावणार होतं, आणि ही त्याची शेवटचीच संधी होती. समोर दगडूचा तरणाबांड घोडा. तो पहिल्या फेरीत वाऱ्यासारखा सुटायचा आणि मग ठेचाळायचा. करीमची घोडी मात्र तिन्ही फेऱ्या एकाच चालीनं जायची. पहिल्या रविवारी दगडू पहिला आला, करीम दुसरा. दुसऱ्या रविवारी उलटं झालं. पण वेगवान फेरी दोन्ही वेळा दगडूचीच. त्यामुळं त्याचे सोळा, करीमचे चौदा.

आणि त्याच आठवड्यात सोलापूरहून नवं मासिक आलं. मी वाचलं आणि ओरडलोच, "चाचा, जादा गुण रद्द झाला!" चाचा पाना टाकून उठले. "बघा! पोचलं माझं पत्र!" त्यांनी सगळ्या स्टँडला जिलबी वाटली, दगडूला सुद्धा. मी बोटांवर हिशेब घातला. दगडूचे दोन गुण गेले की दोघं सारखे. मग शेवटच्या रविवारी जो पुढं, तोच पहिला. मी तसं म्हटल्यावर चाचांचा चेहरा उतरला. "मास्तर, त्यांनी मोसमाच्या मधीच बदलला का?"

"नाही. नव्या सालापासून."

"मग झालं तर. जो कायदा सांगून घोडी जुंपाय लावली, त्योच शेवटपत्तर."

"अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा!"

"म्हनून तर," चाचा म्हणाले, आणि पुन्हा लॉरीखाली शिरले.

मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू! पॅरिसचं मंडळ काय येडशीला तपासायला येणार होतं?

शेवटच्या रविवारी करीमची म्हातारी घोडी तोंडाला फेस आणून पहिली आली. लोकांनी करीमला खांद्यावर घेतलं. चाचांनी कागद काढून वाचलं, "दगडू तेवीस. करीम बावीस." एकच गलका झाला. एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "दोनदा पयला आला त्यो खाली, आन् एकदा आला त्यो वर? कुठला म्हनायचा ह्यो न्याव?"

"पॅरिसचा," चाचा म्हणाले.

"मग तिकडंच जाऊन ऱ्हावा!"

करीम खांद्यावरून उतरला, घोडीची पाठ पुसली आणि भावाकडं न बघता निघून गेला. रात्री चाचीनं चाचांपुढं ताट आदळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घ्यायला स्टेशनात गेलो, तर चाचा उभे. धुतलेला पांढरा सदरा, हातात रिकामी पिशवी. गाडी आली, चार माणसं उतरली, दगडूचा टांगा भरून गेला. मागं करीमचा टांगा रिकामा. चाचा हळूच जाऊन त्यात मागं बसले. भाऊभाऊ आपसात दखनी उर्दूच बोलायचे. करीमनं मान न वळवता विचारलं, "किधर जाना, साब?"

भावानं भावाला साहेब म्हणावं! चाचांनी रिकामी पिशवी मांडीवर सपाट केली. मग ते म्हणाले, "तू ले जाएगा उधर."

करीमनं खांद्यावरचं फडकं काढलं, स्वतःच्या शेजारची पुढची बैठक झटकली आणि थोडा सरकून बसला. चाचा उतरून पुढं आले. दोघांना घेऊन घोडी रामलिंगच्या देवळाच्या रस्त्याला लागली.

वर्षभर चाचा रोज सकाळी असेच येत आणि दुसऱ्याच टांग्यात बसत. आता चाचा नाहीत, करीम नाही, टांगेही गेले. पण कुठल्याही स्टेशनावर उतरलो, की पहिली रिक्षा मी भरून जाऊ देतो आणि मग मागच्या रिक्षावाल्याला हाक मारतो.