टेपवर लिहिलं होतं ‘ट्रेनिंग’

माझे अब्बा मिरकरवाडा बंदरात दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होते. पावसाळ्यात बोटी बंद, की आमच्या घरात चूल एकाच वेळेला पेटायची. अम्मी कोळंबी सोलायला जायची. संध्याकाळी तिच्या बोटांना मीठ लागलं तरी ती कळवळायची. त्या घरातून मी बी.ए. झाले, तेही इतिहास घेऊन. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली. “इतिहास शिकून ही कुठली राणी होणार आहे?” असं मोहल्ल्यात विचारायचे.

२००४ च्या सुरुवातीला मी नवऱ्याबरोबर दोहात होते. अबू हमूर भागात एका व्हिलात आमचं ऑफिस. टीव्ही चॅनेलांसाठी डॉक्युमेंटरी बनवणारी छोटी कंपनी. माझं काम लॉगिंगचं. म्हणजे आलेली प्रत्येक टेप पूर्ण बघायची आणि कुठे काय दिसतं ते टिपून ठेवायचं, म्हणजे एडिटरला शॉट पटकन सापडतो.

त्या फेब्रुवारीत दोहात आश्रयाला राहणारे एक चेचेन नेते जुम्म्याची नमाज पढून घरी निघाले आणि त्यांच्या गाडीत बॉम्ब फुटला. ज्या शहरात हॉर्न वाजला तरी लोक वळून बघायचे, तिथे हे झालं. चॅनेलकडून लगेच ऑर्डर आली: चेचेन सशस्त्र ब्रिगेडचा इतिहास, छोटी फिल्म, तातडीने. ऑफिसात नुसती धावपळ. मला तर पंख फुटले होते. पहिल्यांदाच माझ्या डिग्रीचं काम आलं होतं.

इतिहास थोडक्यात असा. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा चेचन्याने स्वातंत्र्य जाहीर केलं. १९९४ ला रशियन फौजा घुसल्या. तेव्हा लढणाऱ्या म्होरक्यांत बरेच जण सोव्हिएत लष्करातच शिकलेले होते. त्यांना आपला देश हवा होता. पुढे परदेशी लढवय्ये येऊन मिळाले आणि १९९८ च्या सुमाराला ही कडवी ब्रिगेड उभी राहिली. पुढच्या वर्षी ती शेजारच्या दागेस्तानात घुसली आणि दुसरं युद्ध पेटलं. ब्रिगेडवाल्यांना नुसता देश नको होता, त्यांच्या पद्धतीचा धर्मही हवा होता.

आमचा प्रोड्यूसर एली हा लेबनीज ख्रिश्चन, हुशार आणि भयंकर घाईचा माणूस. विकत आणलेल्या टेपवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘चेचेन फायटर्स, ट्रेनिंग’. पहिलाच शॉट जबरदस्त. अंगणात पन्नासेक पुरुष गोल धावतायत, टाळ्या वाजवतायत, पाय आपटतायत. एकेक चेहरा स्पष्ट.

“खलास, ठरलं, हीच ओपनिंग,” एली म्हणाला. “खाली नाव टाक, ब्रिगेडचं प्रशिक्षण. संध्याकाळी टेप चॅनेलकडे गेली पाहिजे.”

टेपमधलं बोलणं भाषांतर करायला आम्ही ईसाला बोलावलं होतं. तो चेचेन मास्तर, बायकोमुलांसह दोहात आश्रयाला आलेला. मी टेप लावली. तो बघत राहिला. हातातला चहा त्याने प्यायलाच नाही.

“सिस्टर, हे ट्रेनिंग नाही,” तो हळूच म्हणाला. “हे आमचं अंगण. माझा भाऊ बॉम्बहल्ल्यात गेला, त्याच्या मयतीनंतरचा झिक्र. पहिल्या युद्धातला.” मग मॉनिटरच्या काचेवर बोट ठेवलं. “हा मी.”

दाढी नव्हती, अंगाने भरलेला होता, पण डोळे तेच.

“मी सांगितलं असं कुणाला सांगू नका. ह्या शहरात कोण कुणाचं ऐकतंय, मला माहीत नाही.”

दोहात चेचेन माणसाच्या गाडीत नुकताच बॉम्ब फुटलेला, आणि आम्ही संध्याकाळी याचा चेहरा ब्रिगेडवाला म्हणून जगाला दाखवणार.

मी एलीकडे गेले. “हा झिक्र आहे. देवाचं नाव घेतायत.”

“असं उड्या मारून?”

“हो. ब्रिगेडवाले याच्या विरोधातच होते. त्यांच्या मते हा धर्मच नाही.”

“तुला कसं माहीत? टेपवर ट्रेनिंग लिहिलंय.”

आता ईसाचं नाव घ्यायचं नव्हतं. मग मला आमच्या गावचा रातीब आठवला. उरुसात पुरुष ओळीने बसतात, दफच्या ठेक्यावर डुलत अल्लाचं नाव घेतात. गल्फमधून परतलेल्या काही पोरांनी तो बंद करायला सांगितलं होतं, तेव्हा मशिदीच्या दारात किती कडाक्याचं भांडण झालं होतं ते मी खिडकीतून पाहिलं होतं. हाच वाद चेचन्यातही होता, हे मी या फिल्मसाठी पुस्तकं चाळताना वाचलं होतं. मी नवऱ्याला, सलीमला, फोन केला. “घरी जा आणि उरुसाची व्हिडिओ कॅसेट घेऊन ये.”

बिन ओमरान भागातून सलीम त्याच्या कंपनीची पिकअप हाणत आला. “माझा मामा आता चॅनेलवर येणार वाटतं?”

“आण इकडे. यल्ला, लवकर.”

मी दोन मॉनिटर शेजारी लावले. एकावर चेचेन, एकावर कोकण. एली खुर्ची ओढून पुढे सरकला.

“तो लाल टोपीवाला कोण?”

“सलीमचा मामा. सुपारीचा व्यापार.”

“तोही ब्रिगेडमध्ये?”

“त्याला मामी घराबाहेर सोडत नाही.”

एली मोठ्याने हसला. मग पुन्हा दोन्ही पडद्यांकडे वळला. दोन्हीकडे माना एकाच लयीत हलत होत्या, डोळे मिटलेले होते.

“बरं. मग ओपनिंग काय? असा शॉट मी टाकून देऊ?”

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. परत टेप फिरवली. एके ठिकाणी कॅमेरा खाली झुकला होता. चिखलातले बूट, रबरी चपला, एक अनवाणी पाय, सगळे एका ठेक्यात.

“पाय घ्या. चेहरे नकोत. आणि खाली लिहा: मयतीनंतरचा झिक्र, पहिलं युद्ध. ब्रिगेड त्यानंतर येऊ दे.”

एलीने माझ्याकडे निरखून बघितलं. “चेहरे का नकोत?”

“आपल्याला त्यांची नावं माहीत नाहीत. विचारल्याशिवाय माणसाला दाखवू नये.”

“तो भाषांतरवाला काही म्हणाला का?”

“चहा थंड झाला म्हणाला.”

एलीने एडिटरला हाक मारली आणि पूर्ण टेप कपाटात घालून किल्ली माझ्या हातात दिली.

फिल्म त्याच संध्याकाळी गेली. ती पायांनी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ईसाने बायकोच्या हातची गोड रोटी आणून माझ्या टेबलावर ठेवली. “शुक्रन, सिस्टर,” एवढंच म्हणाला. तो अजून काही वर्षं आमच्याकडे भाषांतर करत राहिला. त्याला शोधत त्याच्या दारात कुणी आलं नाही.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: टेपवर काय लिहिलंय ते वाचावं, पण आधी टेप बघावी.

फिल्मच्या शेवटी ‘रिसर्च’ या शब्दापुढे माझं पूर्ण नाव होतं, अब्बांच्या नावासकट. खलाशाचं नाव टीव्हीवर आलं, आणि ते इतिहासामुळे आलं.