काचेतलं यंत्र आणि आमची भट्टी

माझी पुतणी अंध मुलांच्या शाळेत शिकवते. तिच्या माघारी सगळे तिला 'भट्टी' म्हणतात. फाटकावरचा शिपाई मला रोज विचारतो, "काय आजोबा, आज भट्टी पेटलीय का?" मी म्हणतो, "विझली कधी होती?" तिला हे नाव माहीत आहे. ती जन्मापासून आंधळी आहे, पण कान तिचे असे की दोन खोल्यांपलीकडे कुणी जांभई दिली तरी कोण ते सांगेल.

मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो आणि जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. भाऊ-वहिनी लवकर गेले, पोर माझ्याकडे आली. फिरतीवरचे एक मास्तर गावात यायचे, त्यांनी ब्रेलचं गणित समजावलं: सहा ठिपके, दोन उभ्या रांगा, कुठला ठिपका वर आहे त्यावरून अक्षर. मी एका फळीला सहा भोकं पाडली आणि तिच्या हातात सहा नट ठेवले. आठवडा गेला नाही तोच तिनं सगळी बाराखडी बसवली. मी मात्र अजून दोन-चार अक्षरांपुढे अडखळतो. माझ्या बोटांना ग्रीसची सवय.

राग तिला तेव्हापासूनच. एकदा कापडाच्या दुकानात दुकानदारानं मला विचारलं, "हिला कुठला रंग आवडेल?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "मला विचारा ना. आणि रंग तुमच्याकडेच राहू द्या, टोचणारं कापड कुठलं तेवढं सांगा." दुकानदार माझ्याकडेच बघत राहिला. तेव्हा तिनं आवाज खाली आणला आणि तेच पुन्हा म्हणाली, एकेक शब्द सुटा. चिडल्यावर लोकांचा आवाज चढतो, हिचा उतरतो. ती कुजबुजायला लागली की मी आपल्या चपला कुठे आहेत ते बघून ठेवतो.

आता मी म्हातारा झालो, दुकान मुलाकडे दिलं. रोज तिच्याबरोबर शाळेत जातो आणि मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसतो. तिथे पंखा आहे, आणि शाळेतलं सगळं ऐकू येतं.

तर ह्या शाळेत संगणक आले. पडद्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यांत होता. पोरं तो इतक्या वेगानं ऐकतात की मला नुसती माशी गुणगुणल्यासारखी वाटते, आणि ती हसतात कुठे तर बरोब्बर विनोदावर. भट्टीलाही तो आवडला. तिचा तंटा वेगळाच होता. मुख्याध्यापकांनी ब्रेलचा तासच बंद केला. म्हणाले, "आता यंत्र बोलतं, मग पोरांनी ठिपके कशाला चाचपायचे? जुनं झालं ते."

"सर, डोळस पोरांना रेडिओ दिला म्हणून त्यांची पुस्तकं काढून घेतलीत का कुणी?"

"बाई, तुम्ही प्रत्येक गोष्टीत वाद घालता."

"घालायला लागतो म्हणून घालते."

तास बंद झाला तो झालाच. मग ती डब्याच्या सुट्टीत शिकवायला लागली. पोरं कुरकुरत, एका हातात पोळी आणि दुसरा हात कागदावर. तेलकट बोटं कागदाला लागली की ही बोटांवर टपली मारायची.

त्या पोरांत शाळेच्या वसतिगृहात राहणारी एक मुलगी होती, तिला सगळे 'भोंगा' म्हणत. तिचा आवाज अख्ख्या इमारतीला पुरेल एवढा. आणि तो दिवसेंदिवस मोठा का होतोय हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. भट्टीच्या आलं. पोरीचे कान चालले होते. कानाला मशीन लावलं तरी तो बोलका प्रोग्रॅम तिला नुसता घरघरल्यासारखा ऐकू येई. वार्षिक परीक्षा जवळ आलेली आणि विज्ञानाचं ब्रेल पुस्तक कुठेच मिळत नव्हतं. तिच्या वडिलांचा फोन आला. ते गोदामात पावत्या टाइप करण्याचं काम करत. म्हणाले, "दिसत नाही, आता ऐकूही येत नाही. काय शिकणार ती? येत्या सोमवारी येतो आणि घरी घेऊन जातो."

आता त्या काचेच्या कपाटाबद्दल सांगतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत, पाहुण्यांच्या खुर्चीसमोर एक कपाट होतं. आत चषक, फोटो आणि मधोमध एक चपटी काळी पेटी. कुणा संस्थेनं शाळेला दिलेली. तिच्या पुढच्या कडेला बारीक टाचण्यांची एक ओळ असते. संगणकाला जोडली की पडद्यावरचा मजकूर त्या टाचण्यांतून ब्रेलमध्ये वर येतो, बोटांनी वाचायचा. ओळ संपली की बटण दाबायचं, पुढची ओळ येते. कानाची गरजच नाही. बोटांनी वाचायची वस्तू आणि ती काचेत. मी बाकावरून रोज उघड्या दारातून ते कपाट बघायचो. नट आवळायचा पाना कधी कुणी काचेत ठेवतो का?

भट्टी आत गेली. दार उघडंच होतं.

"सर, ते यंत्र मला वर्गात हवंय. भोंग्यासाठी."

"एकच आहे ते, बाई. पोरांनी हाताळून खराब केलं तर?"

"हाताळायलाच दिलंय ते."

"पाहुणे येतात, त्यांना दाखवायला काही नको का? आणि नियम आहे, ह्या खोलीतली वस्तू बाहेर जात नाही."

"नियम कुणाचा?"

"माझाच."

तिचा आवाज उतरला. मी चपला पायात सरकवल्या. "म्हणजे यंत्र बाहेर येणार नाही."

"नाही."

"बरं," एवढंच म्हणून ती निघाली. मला वाटलं, हरली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि भट्टी मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली. मागे भोंगा, तिच्या मागे दोन खुर्च्या घेतलेला शिपाई, आणि विज्ञानाचं पुस्तक भरलेला लॅपटॉप छातीशी धरून मी.

"हे काय चाललंय?" मुख्याध्यापक म्हणाले.

"यंत्र बाहेर येत नाही, म्हणून वर्ग आत आलाय. किल्ली द्या, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शिपाई खुर्च्या मांडण्यात फारच गढून गेला होता. एक पोरगी कपाटाच्या काचेवर हात फिरवत उभी आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? त्यांनी किल्ली दिली.

भट्टीनं पेटी टेबलावर ठेवली, टाचण्यांच्या ओळीवर बोट फिरवलं आणि थांबली. पुन्हा फिरवलं.

"काका, ह्याच्यावर काय आहे बघा."

मी वाकून बघितलं. खोक्यातून निघताना जो पातळ प्लास्टिकचा कागद चिकटलेला असतो ना, तो तसाच होता. इतकी वर्षं. म्हणजे त्या टाचण्यांना आजवर एकाही बोटाचा स्पर्श झाला नव्हता, आणि पाहुण्यांपुढे मात्र 'आमची मुलं ह्यावर वाचतात' असं हे गृहस्थ सांगत आलेले. ते मी बाहेरच्या बाकावरून माझ्या कानांनी ऐकलंय. माझंच डोकं असं तापलं की बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

"खराब होऊ नये म्हणून ठेवला असेल," मुख्याध्यापक म्हणाले.

भट्टीनं नखानं कडा पकडली आणि तो कागद सावकाश सोलला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. खोलीत तेवढाच आवाज होता. मग कागद गोळा करून तिनं त्यांच्या हातात दिला. "ठेवा हा कपाटात," ती कुजबुजली.

त्या दिवसापासून शाळेचा कारभार आणि विज्ञानाचा तास एकाच खोलीत चालू झाला. भोंग्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे ती वाचायची ते सगळ्यांसाठी. मुख्याध्यापक वरच्या साहेबांशी फोनवर बोलत असताना हिनं मध्येच घोषणा केली, "बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात." पलीकडून साहेबांनी विचारलं असावं, कारण मुख्याध्यापक म्हणाले, "नाही नाही, बेडकाच्या, सर."

टाचण्यांतल्या दोन कायमच्या रुतून बसल्या होत्या, बंद कपाटातल्या दमटपणानं. भोंगा त्या जागेवर आली की अंदाजानं पुढे जायची. भट्टी प्रत्येक वेळी दात खायची.

सोमवारी वडील आले. पोरीचं सामान न्यायला मोकळी पिशवी घेऊन आलेले. दारात उभे राहिले आणि आत येईनात. मुलगी टेबलाशी वाकून वाचत होती, तिला कळलंच नाही. त्यांनी हाक मारली, मग मोठ्यानं मारली. काही नाही. गेले काही महिने ती सुट्टीत घरी गेली की असंच व्हायचं म्हणे, हाका मारून मारून आईचा घसा बसलेला.

"हाका कशाला मारता?" भट्टी म्हणाली. "टाइप येतं ना तुम्हाला? मग इथे टाइप करा."

ते दबकत आले, लॅपटॉपवर वाकले. पावत्यांची सवय, बोटं भराभर चालली, पण काय लिहावं ते सुचेना. शेवटी गोंधळात लिहिलं, 'मी बाबा. दाराजवळ आहे.'

भोंग्याची बोटं ओळीवरून सरकली. परत मागे आली. पुन्हा वाचलं तिनं.

"मग आत या ना, बाबा," ती नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली. "दारात काय उभे राहिलात?"

बाबांनी खुर्ची ओढली आणि लिहायला लागले. आईची तब्येत, धाकट्याचा पडलेला दात, घरमालकाशी झालेलं भांडण, सगळं. ती वाचायची आणि गडगडाटी हसायची. मध्येच ते थांबले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, हे इतके दिवस कुठे होतं?"

मुख्याध्यापकांनी कपाटाकडे पाहिलं. वडिलांनीही कपाटाकडे पाहिलं, आणि मोकळी पिशवी घडी घालून खिशात ठेवली.

दुपारी शिपायानं यंत्र वर्गात नेऊन ठेवलं. नियमाचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

निघताना वडील भट्टीला हात जोडायला लागले. मी तिला सांगितलं, "हात जोडतायत ते." ती म्हणाली, "आभार नकोत मला. पुढच्या वेळी माझ्याबरोबर भांडायला या. मी एकटीनं कुठे कुठे पुरी पडू?" बिचारे चपापले. पण परीक्षेच्या आधी रुतलेल्या टाचण्या बदलून घ्यायच्या होत्या, तेव्हा रजा काढून आले आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर मूठ आपटून गेले. मला फार बरं वाटलं.

कपाटात आता फुलदाणी आहे. परवा भट्टी तिच्याकडे राहिलेली कपाटाची किल्ली द्यायला आत गेली, सवयीनं उघड्या काचेमागे हात घातला.

"सर, हे काय?"

"फुलं, बाई."

तिनं एक पाकळी चिमटीत धरली. "प्लास्टिकची?"

"हो."

"ती राहू द्या काचेत," ती म्हणाली आणि कपाट लावून घेतलं.