लालीची टाइल्सची खोली

मी नेमसिंग. दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यात पहिली बोअर माही, पहिला ट्रॅक्टर माहा. नववीलोक शिकलो, पण तहसीलदारासमोर खुर्चीवर बसून बोलतो. लहान बहीण लालीले तिच्या नवऱ्यानं आणून सोडलं, तवा म्या साऱ्यायले सांगतलं, नेमसिंगच्या बहिणीले काही कमी पडणार नाही.

तिचं बाळंतपण दोन दिवस अडलं होतं. लेकरू गेलं, अन् तवापासून लघवी गळत राहे, दिवसरात्र. घरात वास येये. म्या गोठ्यापलीकडं तिले पक्की खोली बांधून देल्ली. टाइल्स, पंखा, वेगळा नळ. येईल त्या पाहुण्याले दाखवो. नऊ वर्षं लाली तिथंच राह्यली. बायको थाळी दारात ठेवे. लग्नाले नाही, बाजाराले नाही. कधी तिचं बोलणं ऐकू येये. जाऊन पाहा तं बकरीसंग बोलत राहे.

यंदा आमच्या तांड्याची आशा वर्कर वर्षा लालीच्या खाटीवरच जाऊन बसली. बाहेर येऊन मले म्हणे, "काका, ही बिमारी आहे. ऑपरेशननं दुरुस्त होते. कायची वाट पाहून राह्यले?"

"म्या तिले काय कमी केलं? टाइल्स बसवून देल्ल्या."

"टाइल्सनं गळणं थांबलं काय?"

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं कागद पुढं केला. म्या खिशातून पेन काढला.

"तुमची नको," बाई म्हणे. "ऑपरेशन हिचं, सही हिची."

"भिया, पेन दे," लाली म्हणे. लय वेळ लावून तिनं नाव लिवलं.

ऑपरेशनच्या तीन आठवड्यानं लघवीची नळी काढली. लाली कोरडी झाली. वापस येताना बसमध्ये म्हणे, "भिया, काहून गळते म्हणून तू एकदाही इचारलं नाही."

"बाईचं दुखणं. म्या कसं इचारू?"

"तहसीलदारासंग तं बोलतं."

तीजेच्या सणाले तांड्यातल्या बाया गाणं म्हणाले गोल बसल्या. लाली नवं लुगडं नेसून मधात जाऊन बसली. कोणी उठलं नाही. पण दोन्हीकडच्या बाया हातभर सरकल्या. सवयीनं. लाली गात राह्यली, जरा हळू.

तांड्यात माह्या एका शब्दावर भांडणं मिटतात. जवळ बसा म्हणाले तोंड उघडलं होतं. पण नऊ वर्षं गोठ्यापलीकडं तिले म्याच ठेवलं होतं. गाणं सरेलोक तसाच ओट्यावर उभा राह्यलो.