मावशीच्या वजनाची हवा

नाशिकहून निघताना सायकल बसच्या डिकीत आडवी झोपवली आणि तिच्याभोवती जुनी गोधडी गुंडाळली. तिच्या मागच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यात, हवा टिकत नव्हती. नाशिकजवळच्या चामरलेणीच्या डोंगरउतारावर प्रत्येक दगड थेट पाठीत येई. दुरुस्ती दादरच्या एका दुकानात आणि मुक्काम लालबागला, लीलामावशीकडे.

दुसऱ्या दिवशी सायकल ताब्यात घेऊन मी परळमार्गे निघाले. मावशीचे यजमान, म्हणजे काका, ज्या गिरणीत कामाला होते तिथे आता काचेची इमारत आहे. इतक्यांदा येऊनही या नव्या इमारतींत वाट चुकले, म्हणून तिथल्या पहारेकऱ्याला चाळीचा रस्ता विचारला.

"सरळ जावा. मसाल्याचा वास आला की उजवीकडे."

वास आला, मी वळले. बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं दाट कालवण) आणि भात जेवून चाळीच्या चौकात शॉक जुळवायला बसले. मावशी पायरीवर येऊन बसली.

"ह्या काय गो?" (हे काय गं?)

मी सांगितलं, सीटखालच्या या नळकांड्यात हवा असते. चाक खड्ड्यात गेलं की ती दबते आणि धक्का पोटात घेते. मात्र हवा बसणाऱ्याच्या वजनाला बेताची हवी. जास्त झाली तर शॉक दबतच नाही, कमी झाली तर तळाला आपटतो.

मावशीनं सीट तळहातानं दाबून पाहिली. मग म्हणाली, "माका बसूक देशील?" (मला बसू देशील?)

गिरणी कामगारांच्या संपात काकांचा पगार थांबला तेव्हा मावशी सायकल शिकली. शिकवली काकांनीच. भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून ती चाळीचाळीतून विकायची. संप विरला, गिरणी काही उघडली नाही, आणि मावशीची सायकल पुढेही बरीच वर्षं चालत राहिली. एकदा मागे भरली टोपली असताना चाक खड्ड्यात आदळलं आणि तिची पाठ धरली. ती पुढे बरी झाली, डॉक्टरांचीही हरकत नव्हती. पण काकांनी तोवर सायकल विकून टाकली होती.

आताही ते जिन्यातून म्हणाले, "लीला, नको. परत आडवी पडशील."

"तुमी हँडल धरा."

काका खाली आले. चौकात एक फेरी झाली आणि मावशी ओरडली, "हाडां खुळखुळली गो!"

शॉकमध्ये माझ्या वजनाची हवा होती आणि मावशी चिमणीएवढी. शॉकच्या दांड्यावर, तो किती दबला ते दाखवणारं एक रबरी कडं असतं. ते वर सरकवून मी तिला अलगद बसवलं, अलगद उतरवलं. कडं जेमतेम हललं होतं. थोडी हवा सोडली, पुन्हा बसवलं. कडं दांड्याच्या पाव भागापर्यंत आलं तेव्हा थांबले. पुढच्या फेरीत सीटनं तिला वर उडवलं. मग शॉकची लाल चावी फिरवली, तसा तो दबल्यावर सावकाश वर येऊ लागला.

तिसऱ्या फेरीत मावशीनं वेग वाढवला. गटाराच्या झाकणावरून गेली, वळली आणि पुन्हा त्याच झाकणावरून आली. काकांच्या हातून हँडल केव्हाच सुटलं होतं.

सकाळी ती माझ्या सायकलवरून भाऊच्या धक्क्याकडे निघाली. काका आणि मी टॅक्सीनं मागोमाग.

"काकी पुढं आणि आपण मागं," टॅक्सीवाला हसला. "शर्यत लावलीय काय, काका?"

काका हसले नाहीत. ते मागच्या चाकाकडेच बघत होते. घोडपदेवला खड्डा आला तसे त्यांनी स्वतःचीच पाठ ताठ केली. शॉक दबला, वर आला. मावशी पुढे गेली होती.

धक्क्यावर बर्फ फुटत होता. एका कोळणीनं सायकल न्याहाळून विचारलं, "हिला टोपली कुठं बांधायची गो?" मावशी खूप हसली. चहा घेताना काका हळूच म्हणाले, "तुझी पाठ माझ्यापायी गेली."

"खड्ड्यापायी गेली," मावशी म्हणाली. "तुमच्यापायी सायकल आली." मग माझ्याकडे वळली. "आता ह्यांच्या वजनाची हवा कर."

काका तिच्याहूनही हडकुळे. आणखी हवा सोडली. ते डुगडुगत निघाले आणि मावशी सीटला हात लावून शेजारून चालू लागली.

नाशिकला परतल्यावर पहिल्याच दिवशी चामरलेणीला गेले. बसले तर सायकल मागे खोल दबली. काकांची हवा तशीच होती. पंप पाठीवरच्या पिशवीत होता, पण मी तो काढला नाही. लालबागला इतक्या वेळा गेले, संपाच्या गोष्टी ऐकल्या, पण त्या दोघांना असं शेजारी शेजारी जाताना कधी पाहिलं नव्हतं. सायकल हातात धरून मी सगळा उतार चालत उतरले.