जीपचे पाटे आणि आत्याबाईंचे माहेर

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. विहिरीच्या पायऱ्यांवर त्या घसरल्या, कंबर धरली आणि त्यांचे माहेर तुटले. माहेर भामेच्या खोऱ्यात, पार डोंगराच्या पायथ्याशी. चाकणजवळच्या आमच्या गावाहून बैलगाडीने दिवसभराची वाट. त्या बाजूला एसटी नव्हती आणि गाडीचे हादरे वैद्यांनी बंद केले होते. एकुलता एक भाऊ, त्याचेही गुडघे गेलेले. भाऊबीज निरोपांवर होत होती.

मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, लष्करी लिलावातली जुनी जीप घ्यायला होकार दिला तेव्हा आत्याबाईंनी चुलीपुढूनच विचारले, "माणसाला बसून जाता येतं का त्यात?"

"येतं की," माझे पती म्हणाले. "पयल्यांदा तुलाच माहेरला न्हेतो."

"बघू. न्हेशील तवा खरं."

एवढेच त्या बोलल्या, पण त्या दिवशी भाकरीबरोबर गूळ वाढला.

जीप दोन कामांसाठी होती. कांदे-बटाटे बाजारात न्यायचे आणि आत्याबाईंना माहेरी न्यायचे. आली तेव्हा ती दोन्हींच्या लायकीची नव्हती. टायर दुधी भोपळ्यासारखे गुळगुळीत. चाकांवर गाडी तोलून धरणारे लोखंडी पाटे मागच्या बाजूला बसून सपाट झालेले. चिखलात चाक जागच्या जागी फिरे आणि खाचेत गाडीचे पोट जमिनीला घासे. सगळे नवे करण्याची ऐपत नव्हती. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरात लिहिणारी एकटी. काय आधी आणि काय नंतर हे मांडून देणे माझ्याकडे आले. मला ते आवडायचे, अजूनही आवडते. मी मांडले ते असे: आधी मागचे टायर, मग मागचे पाटे. पुढचे आहे तसे चालवायचे, कारण ओझे मागे पडते.

टायरांसाठी आम्ही कासारवाडीला गेलो. स्टेशनाजवळ एका मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. मी बरोबर होते, कारण तिथून पुढे मला बहिणीकडे जायचे होते. नांगराच्या तासांसारख्या खोल खाचांचे लष्करी टायर मिस्त्रीकडे होते, वापरलेले पण धड. जोडी घेतली. पाटे वाढवायचे आहेत असे पतींनी सांगितल्यावर मिस्त्रीने हात पुसत विचारले, "भाऊ, आधी एक सांगा. गाडी माणसांसाठी का मालासाठी?"

"दोनीसाठी."

"मग दोघंही शिव्या देतील. पाटे वाढवाल तितकी रिकामी गाडी उडणार."

"राव, बैलगाडीला कुठं पाटे असत्यात? आमच्या बापजाद्यांच्या कमरा मोडल्या व्हय?"

"बापजाद्यांना विचारून बघा की," मिस्त्री म्हणाला आणि दोघेही हसले. मीही हसले.

एक पाटा वाढवून जीप घरी आली. मामंजींनी अंगणातच बटाट्याची पोती चढवायला लावली आणि हात मागे बांधून गाडीभोवती फेरी मारली. त्यांची हयात बैलगाडीत गेलेली. बैलगाडीत ओझे मागे पडले तर गाडी उलार होते, म्हणजे मागे कलते. जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो, चढावर जनावर हातचे जाते. उलार गाडी हाकणाऱ्याला आमच्या भागात लोक नावे ठेवत. मामंजींनी जीपची शेपूट बघितली. पोत्यांनी ती चार बोटे खाली गेली होती.

"उलार हाय," ते म्हणाले.

"आबा, हिला बैल न्हाईत. कुणाची मान उचलायची?"

"नसू देत बैल. उलार ती उलार. चढाला नाक वर करंल आन् मागं येईल. मी न्हाई बसायचा."

त्यांनी बसायचे नाही म्हटल्यावर जीप दारात उभीच राहणार होती. चाकणच्या लोहाराकडे एका मोडक्या ट्रकचे पाटे होते. त्यातले दोन कापून, वाकवून, तापवून त्याने आमच्या मापाचे केले आणि मागे आणखी चढवले. तरी मामंजींची मान हलेना, तेव्हा अजून एक. मग पोती घालूनही शेपूट ताठ राहू लागली. रिकामी असली की जीप पुढे वाकून पाणी पिणाऱ्या म्हशीसारखी दिसायची. मामंजी खूष झाले. "आता कशी जुवावर बसलीय," म्हणाले.

पोती भरून आम्ही ती चाकणच्या बाजारात नेली. काय सुरेख चालली! ओढ्यातून, चिखलातून, दगडांवरून. टायर रुतले नाहीत, पोट घासले नाही. मीही मागे पोत्यांवर बसून गेले होते आणि मला काही लागले नाही. गाडी आता माहेरी जायला तयार आहे, असे घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितले.

माहेरी जायच्या दिवशी त्या पहाटेच न्हाल्या. ठेवणीतले हिरवे लुगडे नेसल्या. भावाला पुरणपोळ्या, भावजयीला खण, भाचवंडांना शेंगदाण्याचे लाडू. मी दोन गोधड्या मागच्या बाकावर घातल्या, एक उशी पाठीला दिली. पती गाडी चालवायला बसले. शेजारी पुढच्या जागेवर मामंजी. आत्याबाई आणि मी मागे. यात कुणी काही ठरवले नव्हते. पुरुष पुढे आणि बायका मागे हे बैलगाडीतही असेच होते. सुनेने किंवा सासूने भर गावातून पुढे बसून जायचे, हे कुणाच्या मनातसुद्धा येण्याजोगे नव्हते.

गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होते. पुढे वाटेला खडक लागला आणि मागची बाजू उडू लागली. पोती नव्हती, दोन बायकांचे वजन ते काय. ते जाड पाटे आमच्यासाठी वाकायला तयार नव्हते. एका खाचेत आम्ही दोघी बाकावरून सुटलो आणि परत आपटलो. आत्याबाईंनी माझा दंड धरला. दुसऱ्या खाचेत त्यांनी डोळे मिटले. पुढे मामंजी पानाला चुना लावत होते.

मी ओरडून गाडी थांबवली.

"काय झालं गं?" मामंजींनी वळून विचारले. "रस्ता तर बरा हाय की."

पती उतरून मागे आले. आईचा चेहरा बघून त्यांना सगळे कळले. पलीकडे ओढ्यात गोटे पडले होते. "थांब आई, धोंडे भरतो मागं. वजन पडलं की मऊ चालंल."

"माहेरला धोंडे घेऊन जाऊ व्हय रे?" आत्याबाई म्हणाल्या. मग हळूच, "मला उतरीव. कंबर गेली पार."

त्या चालत घरी आल्या. मी त्यांचा हात धरून, मागून हळूहळू रिकामी जीप. पुरणपोळ्या संध्याकाळी आम्हीच खाल्ल्या.

आठवड्याने पती एकटेच खोऱ्यात गेले आणि मामांना, आत्याबाईंच्या भावाला, घेऊन आले. मामा पुढच्या जागेवर बसून आले होते. गुडघे दुखणारा तो म्हातारा अंगणात हसतच उतरला. "अक्का, काय गाडी हाय! लोण्यावानी आली बघ. वाटेत माझा डोळा लागला."

आत्याबाईंनी त्यांना ओवाळले, पोटभर जेवू घातले, दोन दिवस ठेवून घेतले. मामा गेल्यावर बटाट्याचे बेणे निवडत त्या माझ्याशी बोलल्या. "भाऊ आला गं. पर माहेर कुठं आलं? आमच्या दारात नदी वाजती. ती काय गाडीत घालून आणता येती?"

पुढचे पाटे जुने आणि नरम, पुढचे टायर झिजलेले आणि मऊ. तिथे आम्ही काहीच खर्चले नव्हते. गाडीतली माहेरी जाण्याजोगी जागा तेवढीच होती आणि ती पहिल्या दिवसापासून तशीच होती. मामा बोलले तेव्हा ते माझ्या ध्यानात आले. मी आत्याबाईंना म्हटले, "तुम्ही पुढं बसा. मामंजी मागं बसतील."

"गावातनं? पुढं? लोक काय म्हंतील, म्हातारीनं म्हाताऱ्याला मागं टाकलं!" त्या हसल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, "शिवंपर्यंत मागं बसंन. शीव वलांडली की पुढं. शिमगा होऊ दे."

मागचे दोन पाटे काढून टाकू, असेही मी पतींना म्हटले. लोहाराचे अर्ध्या दिवसाचे काम. पण कांद्याचे दिवस होते, गाडी रोज भरून जात होती, आणि पाटे काढले असते तर मामंजींनी पुन्हा उलार म्हणून बसायचे नाकारले असते. शिमग्यानंतर आत्याबाईंची कंबर पुन्हा धरली. मग पाऊस लागला आणि ओढे चढले. दिवाळीच्या सुमारास पतींना पिंपरीला एका कारखान्यात काम लागले. शिफ्ट सांभाळून गाडी हाकणे जमेना. मामंजींना चालवता येत नव्हती. जीप एका ठेकेदाराला विकली.

ठेकेदाराचा माणूस ती घेऊन गेला तेव्हा आत्याबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. धूळ खाली बसल्यावर त्यांनी मुलाला विचारले, "इकली?"

"व्हय, आई."

"बरं झालं. दारात हुभी दिसली की जावंसं वाटायचं."