लाल-काळ्या कॅप्सूलची शेड

माझ्या तोंडात आजवर तंबाखूचा कणही गेलेला नाही. ही गोष्ट मला एका रविवारी, होणाऱ्या व्याह्यांसमोर, जबडा उघडून सिद्ध करावी लागली.

मी पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये शेड मॅचिंगचं काम करतो. व्यापारी कापडाची चिंधी आणून देतो, म्हणतो असाच रंग पाहिजे, आणि कोणता रंग किती टक्के घालायचा हे मी ठरवतो. माझा हिशेब दशांशचिन्हाच्या पुढे दोन घरं जातो. घरीही मी तसाच आहे. भाजी खारट झाली असं मी मोघम बोलत नाही, साधारण किती टक्के खारट झाली ते सांगतो. (माझी बायको सुनंदा याला गुण मानत नाही.)

त्या आठवड्यात आमच्या पल्लवीचं लग्न ठरायचं होतं. मुलगा नंदुरबारचा. मुलाला पल्लवी पसंत होती, पल्लवीला मुलगा पसंत होता, आणि रविवारी मुलाचे आईवडील घरी येणार होते. मुलाचे वडील, आप्पा, फोनवर एवढंच म्हणाले होते, "आम्हाला देणंघेणं काही नको. फक्त घर निर्व्यसनी पाहिजे. माझ्या थोरल्या भावाचा जबडा तंबाखूने नेला. त्या वासाच्या घरात मी सोयरीक करत नाही."

"आप्पा," मी छाती फुगवून म्हणालो, "तंबाखू सोडा, मी सुपारीचं खांडही खात नाही."

हे बोलून फोन ठेवला आणि खालची उजवी दाढ ठणकायला लागली.

"डॉक्टरकडे जा," सुनंदा म्हणाली.

"जातो. रविवार होऊ दे."

"अहो, तुमले कितला डाव सांगं, ती दाढ दाखाडा!" सुनंदाचा पारा चढला की ती माहेरच्या अहिराणीवर येते. मी ते ऐकतो आणि पुढच्या कामाला लागतो.

पुढचं काम म्हणजे माझा मेव्हणा बापू. बापू कतारगामला हिरे घासतो आणि उरलेल्या वेळात सगळ्या नात्याला औषधं सुचवतो. फोनवर म्हणाला, "दाजी, मलाही असंच झालं होतं. लाल-काळी कॅप्सूल घ्या. दोन घेतल्या आणि दाढ गप्प!"

"नाव काय तिचं?"

"नाव कोण वाचतं? लाल-काळी. फोटो पाठवतो."

मोबाईलच्या पडद्यावरून मी रंग ठरवत नाही. हा माझ्या धंद्याचा नियम आहे. मी बापूला सांगितलं, फोटो नको, सँपल घेऊन ये. संध्याकाळी तो आला, सोबत एकच कॅप्सूल. बाकीच्या कॅप्सूल, डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या तशा घ्यायच्या सोडून, दुखायचं थांबल्यावर त्याने शेजारच्यांना वाटल्या होत्या. मी ती कॅप्सूल घेऊन खाली मेडिकलवर गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, ही अँटिबायोटिक आहे. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही." मला तो फार अडेल माणूस वाटला.

आता आमच्या घरी घारी या मिठाईचा एक रिकामा डबा आहे. घारी संपली तेव्हापासून त्यात घरातली सगळी उरलेली औषधं राहतात. मी तो टेबलावर ओतला. निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या बाजूला सारल्या आणि तळाशी काय मिळालं? लाल-काळ्या कॅप्सूल. सुट्या, चांगल्या मूठभर!

बापूचं सँपल आणि आमची कॅप्सूल ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी ठेवली. डोळे बारीक केले. चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं.

"पास," मी म्हणालो.

"दाजींची नजर म्हणजे नजर," बापू म्हणाला.

"औषध आहे का लुगडं आहे?" सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी एक गिळली. फरक नाही. मग बापूने पुढची युक्ती सांगितली. कॅप्सूल फोडायची आणि आतली पूड थेट दाढेच्या खड्ड्यात भरायची. "मधला रस्ताच कशाला, दाजी?" मला ते पटलं. मिलमध्येही डाग जिथे असतो तिथेच आपण काम करतो. पूड निघाली विटकरी रंगाची. ती भरली, वर लवंग दाबली, आणि हाच प्रयोग रविवारपर्यंत चालू ठेवला.

रविवारी सकाळी आरशात मला दोन माणसं दिसली. डावीकडचा मी होतो. उजवीकडचा कोणी सुखवस्तू गृहस्थ होता. शिलाईची टेप घेऊन नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत मोजलं. उजवा गाल डाव्यापेक्षा चांगला दीड इंच पुढे गेला होता. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी खाली लागली.

आप्पा आत आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, शेतात काम केलेले हात. मागे त्यांच्या पत्नी. आप्पांनी नमस्कार केला आणि माझ्या गालावर नजर ठेवली ती ठेवलीच. मीही नमस्कार केला, पण "या, बसा" म्हणताना ओठाच्या कोपऱ्यातून विटकरी ओघळ आला. मी तो रुमालाने टिपला. रुमाल पांढरा होता. निदान तोपर्यंत.

"तब्येत बरी ना?" आप्पांनी विचारलं.

तोंडात लाळ साठली होती. "हूं," मी म्हणालो, उठलो, गॅलरीत गेलो, थुंकलो आणि परत येऊन बसलो.

हे मी चहा येईपर्यंत तीनदा केलं.

आप्पांनी कप खाली ठेवला. त्यांच्या पत्नीने पदर सावरला, तो जायला निघालेल्या बाईसारखा. दारात उभ्या पल्लवीचा चेहरा मी पाहिला, आणि दाढेपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त ठणकलं. सांगावंसं फार काही होतं, पण गाल जीभ हलू देत नव्हता.

अशा वेळी, सकाळपासून मदतीला येऊन बसलेल्या बापूने परिस्थिती सावरायचं ठरवलं.

"तुम्हाला वाटतं तसं काही नाही हो आप्पा," तो म्हणाला. "माझी पुडी तर मी येतानाच खाली स्कूटरच्या डिक्कीत ठेवून आलो. दाजी भरतात ती वेगळी."

आप्पा उठले.

"थांबा," पल्लवी म्हणाली. तिने मोबाईलचा टॉर्च लावला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, तोंड उघडा."

"पाहुण्यांसमोर?" हे मी डोळ्यांनी विचारलं.

"पाहुण्यांसाठीच."

मी जमेल तेवढं उघडलं. आप्पांनी चष्मा लावला, एका हाताने माझी हनुवटी धरली आणि बैलबाजारात जनावर पारखावं तसं सावकाश आत पाहिलं. त्यांच्या पत्नीनेही पाहिलं. शेवटी बापूनेही पाहून घेतलं.

"तंबाखू नाही," आप्पांनी निकाल दिला. "दाढ सडली आहे. पू झालाय. आमच्या गावात अशाने एकाची मान सुजली, घास गिळता येईना. चला, गाडी खालीच आहे."

"पण साखरपुड्याचं..." सुनंदा म्हणाली.

"आधी जबडा. आमच्या घरातला एक गेला तेवढा पुरे."

अशा रीतीने मुलगी बघायला आलेले पाहुणे मुलीच्या बापाला घेऊन पर्वत पाटियाला रविवारी उघडा असलेला दवाखाना शोधत निघाले.

दाताच्या डॉक्टरबाई वयाने पल्लवीएवढ्या होत्या. "काका, मोढुं खोलो," गुजरातीत म्हणाल्या. मी तोंड उघडलं. आत पाहिलं, ताप पाहिला, मान चाचपली, गिळायला लावलं. मग विचारलं, "औषध काय घेतलं?"

बापूने दोन्ही कॅप्सूल अभिमानाने पुढे केल्या. बाईंनी त्या खिडकीशी नेल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि त्या उन्हात मला खुर्चीवरूनच दिसलं. एकीचा लाल शेंदराकडे झुकत होता, दुसरीचा जांभळ्याकडे. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात फुटते, हे मी मिलमधल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो.

"ही एक अँटिबायोटिक," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ही दुसरी?"

पल्लवी पुढे झाली. तिने कॅप्सूल हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "पप्पा, ही माझी केस वाढायची. बाटलीचं झाकण फुटलं म्हणून डब्यात टाकल्या होत्या."

आप्पांच्या पत्नी आधी हसल्या. मग सगळेच. मी टक्कल चाचपलं.

"त्यातल्या लोहामुळे विटकरी रंग," डॉक्टर म्हणाल्या.

मी खाणाखुणा करून विचारलं, की मग आता ती दुसरी, खरी, लिहून द्या.

"नाही देणार."

"फीमध्ये बसत नाही का?" बापूने विचारलं.

"गरजेत बसत नाही. पू दाढेच्या आत कोंडलाय. बाहेरून गोळ्या मारून तो जात नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. ताप नाही, सूज मानेकडे उतरलेली नाही. तशी उतरली, ताप आला, गिळताना त्रास झाला तर लगेच या, मग गोळ्याही देईन. उगाच घेत राहिलात तर खरी वेळ येईल तेव्हा त्या चालणार नाहीत." मग बापूकडे वळून, "आणि उरलेल्या कोणाला वाटू नका."

बापूने सँपल गुपचूप टेबलावर ठेवलं.

बाईंनी सुई दिली, दाढ उघडली, पुढे काय झालं ते जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी सांगत नाही. अर्ध्या चेहऱ्याने बधिर होऊन, तोंडात कापूस धरून मी बाहेर आलो, तर बाकड्यावर पेढे फिरत होते. तारीख, कार्यालय, वऱ्हाडी किती, सगळं ठरलं होतं. या प्रत्येक गोष्टीवर मी आठवडाभर आकडेमोड करून ठेवली होती.

"मंजूर?" आप्पांनी विचारलं.

"हूं," मी म्हणालो. दुसरं काही म्हणता येत नव्हतं. सुनंदा म्हणते, आमच्या संसारातला तो सर्वांत सुरळीत ठरलेला विषय.

दाढ पुढे रूट कॅनाल करून वाचली. लग्नही झालं. आता आप्पा मला कुठेही भेटले की शेजारच्या माणसाला सांगतात, "हे आमचे व्याही, निर्व्यसनी. ऐकीव नाही सांगत, मी स्वतः आत जाऊन पाहिलंय."

आणि पल्लवी माहेरी आली, की आधी माझ्या डोक्याकडे बघते, मग म्हणते, "पप्पा, जरा जीभ दाखवा. कुठे उगवतायत का बघू."